मान फिरवू नको

बाई, तू जाऊन आज सहावा दिवस, आणि माझं तुझ्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. लोक येतात, माझ्या गळ्यात पडतात, म्हणतात, गोदाबाईसारखी जाऊ मिळायला नशीब लागतं. मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की या अंगणात दोन बायका कित्येक वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होत्या आणि त्यातली एक मधेच उठून गेली. असं भांडण टाकून कुणी जातं का? तू चूल अर्धी सारवून कधी उठली नाहीस, मेथीची जुडी अर्धी बांधून कधी खाली ठेवली नाहीस. हे मात्र सगळं माझ्या एकटीच्या अंगावर टाकून गेलीस.

लिहायला बसले की माझी भाषा शाळेतली होते, हे तुला ठाऊक आहे. सातवी पास म्हणून तू मला चिडवायचीस. "लिहून दे वं मास्तरीणबाई, मंग मी खाली अंगठा लावीन," म्हणायचीस. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे कागद तू जिवंत असतीस तरी तुझ्यापर्यंत पोचले नसते. तरी लिहिते. तोंडानं बोलायला लागले की रडू येतं, आणि रडताना मला भांडता येत नाही.

तू माझ्या थोरल्या मावशीची मुलगी. आधी तू या घरात आलीस आणि मग धाकट्या दिरासाठी मला रिठदहून तूच मागून आणलंस. म्हणून जाऊ झालीस तरी तुझी 'तुमी' कधी झाली नाही, थोरल्या बहिणीला म्हणतात तशी 'बाई'च राहिलीस. मंगरूळपीरच्या बाहेर रस्त्याला लागून आपली भाजीची वाडी, विहीर, दोन खोल्या तुमच्या, दोन आमच्या, मधे एकच अंगण. तुला मूल झालं नाही. मला झालं ते दुष्काळाच्या साली, विहिरीनं तळ दाखवला होता तेव्हा. सुमी. तिला पहिली आंघोळ तू घातलीस, पायावर घेऊन, तेलानं चोळून. तिचं पहिलं रडणं थांबलं तेही तुझ्याच मांडीवर.

ती अंगावर पीत असताना मी वाकून तिच्याकडे पाहायची. शेजारणींची लेकरं पिता पिता आईच्या डोळ्यांत बघतात, मधेच हसतात, दूध ओघळतं. सुमी माझ्या खांद्यापलीकडे बघायची. आढ्याकडे. कवडशाकडे. मी म्हणायची, लहान आहे अजून. मग ती बसायला लागली, चालायला लागली, तरी तेच. हाक मारली तर वळायची नाही, आणि डब्यात गूळ ठेवल्याचा आवाज झाला की वाडीच्या टोकावरून यायची.

आणि तुझ्याकडे मात्र बघायची. बाई, हे मी तुला तोंडावर कितीदा बोलले, आज पुन्हा बोलते. तुझ्या हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते, लहानपणी मावशीनं गोंदवलेले. सुमी तुझ्या मांडीवर बसून त्या ठिपक्यांकडे बघत राहायची, त्यांच्यावर बोट ठेवायची, एक, दोन, तीन, पुन्हा एक. माझ्या वडिलांनी मला गोंदू दिलं नव्हतं. शिकणाऱ्या मुलीच्या तोंडावर शाई कशाला, म्हणाले. माझी हनुवटी कोरी. त्या कोऱ्या हनुवटीचा मला किती राग आला असेल, ते तुला कळलं नसेल. की कळलं होतं? तुला सगळंच कळायचं, तोच तर त्रास होता.

ती तीन वर्षांची झाली तेव्हा आपण तिला अकोल्याला नेलं. तू, मी आणि सुमीचे बाबा. तिथल्या एका डॉक्टरनं तिच्या कानामागे टाळी वाजवली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, तिची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली. सुमीनं डोळे घट्ट मिटले. तो म्हणाला, कान चांगले आहेत, डोळे चांगले आहेत, पण हिला माणसांची ओळख नाही. मी विचारलं, आईची? तो कागदावर काहीतरी लिहीत होता. वर न बघता म्हणाला, आईचीसुद्धा नाही.

परतीच्या एसटीत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. सुमी माझ्या मांडीवर झोपली होती, नाक माझ्या पदरात खुपसून. तू एकदाच म्हणालीस, "त्यानं तरी कुठं पाह्यलं तुह्याकडे? कागदातच डोकं होतं त्याचं." मला वाटलं, हिला काय जातंय बोलायला.

त्या दिवसापासून मी धरलं ते धरलंच. सकाळी वेणी घालताना, जेवू घालताना, सुमीची हनुवटी धरायची आणि म्हणायची, माह्याकडे पाह्य. घास तोंडाजवळ नेऊन थांबायची. माह्याकडे पाह्य, मंग देते. तिची मान माझ्या हातात, आणि डोळे दोन्ही कोपऱ्यांत पळालेले, पांढरे. तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ उठलेले तू पाहिलेस, त्या दिवशी माझ्या हातातलं ताट काढून घेतलंस.

"सोड तिले. तुह्या डोयात काय सोनं लागलं हाय काय?"

"माह्यं लेकरू हाय. माह्याकडे नाई पाह्यचं त कोनाकडे पाह्यचं तिनं?"

"ते पाह्यते तुह्याकडे."

"कवा?"

"तू नाई पाहत तवा."

मी हसले असेन, वाईट हसले असेन. मग तू तो प्रश्न विचारलास, ज्याचं उत्तर मला आजवर देता आलं नाही. तुझा नवरा, म्हणजे सुमीचे मोठे बाबा, माझे भासरे. माझ्या लग्नाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी त्यांचं तोंड नीट पाहिलेलं नव्हतं. अजूनही नाही. भासऱ्यासमोर डोक्यावरून पदर, मान खाली. ते अंगणात आले की मी आत. त्यांना चहा हवा असला तर ते भिंतीला सांगतात, "चहा मांडा म्हना," आणि मी मांडते. हीच रीत आहे, आपल्या सासूच्या वेळचीही हीच होती.

तू म्हणालीस, "ह्यायचं तोंड पाह्यलं काय वं तू कधी?"

"कायले पाहू?"

"मंग हे आले, हे तुले कसं कयते?"

"चपलेवरून. खोकल्यावरून. बिडीचा वास येते."

"बाजारात हजार मानसं असली त ओयखशीन?"

"ओयखीन."

"बस मंग. तुह्यं चालते, पोट्टीचं नाई चालत?"

मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी, ती रीत आहे. तू ताटातला घास सुमीच्या हातात दिलास. "तिचीबी रीतच असंन," म्हणालीस आणि गेलीस विहिरीवर. असं बोलून निघून जायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही, बाई. समोरच्याला उत्तर द्यायला थोडा वेळ तरी द्यावा.

तुझं म्हणणं मला पटलं नाही. पटून घ्यायचं नव्हतं. आपल्या घरात एकच फोटो होता, माझ्या लग्नातला, बाजारातल्या फोटोवाल्यानं काढलेला. सुमी बाजेवर चढून तो खुंटीवरून काढायची आणि मांडीवर घेऊन बसायची. फोटोतल्या मला बघायची, डोळ्यांत डोळे घालून, पापणी न हलवता. मी दारात उभी राहून ते बघायची. कागदातली आई हिला चालते, जिवंत आई चालत नाही. मी तो फोटो पेटीत टाकून कुलूप लावलं. तू म्हणालीस, "फोटो उलटा पाहत नाई न तिच्याकडे, म्हनून पाह्यते ते. काढ तो भाईर." मी काढला नाही.

आणि मग मी तो मूर्खपणा केला. बाजाराच्या दिवशी गोंदणारीण येते, सुया आणि काजळाची वाटी घेऊन भिंतीच्या सावलीत बसते. तू वांग्यांच्या ढिगामागे होतीस. मी तुला सांगितलं, बांगड्या पाहून येते. गेले, तिच्यासमोर मांडी घातली आणि हनुवटी पुढे केली. तीन ठिपके, म्हटलं. लग्न झालेली, लेकुरवाळी बाई एवढ्या उशिरा तोंडावर का गोंदवते, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, लेकरासाठी. तिला वाटलं नवस असेल. ती सुया टोचत राहिली, वर हळद लावली. मी रडले नाही. मनात एकच होतं, आज घरी गेल्यावर सुमी माझ्याकडे बघेल.

घरी येईपर्यंत हनुवटी सुजली. खालचा ओठ लोंबायला लागला, हळद आणि काजळ एकत्र होऊन हिरवा-काळा चिखल झाला. सुमी अंगणात होती. ती आली तशीच, रोजच्यासारखी, माझ्या लुगड्याला नाक लावलं, वास घेतला, आणि मग नजर वर आणली. निऱ्यांवरून पदरावर, पदरावरून गळ्यावर. हनुवटीपर्यंत आली आणि ती किंचाळली. तसं किंचाळणं मी तिचं आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. माझ्या हातातून सुटून ती तुझ्या खोलीत गेली आणि बाजेखाली शिरली. सूज उतरेपर्यंत ती माझ्या हातचं जेवली नाही. माझ्याजवळ झोपली नाही. माझा आवाज आला की बाजेखाली जायची.

तिसऱ्या दिवशी तू मला वाडीत गाठलंस. मी वांगी तोडत होते. तुझा चेहरा उजळलेला होता, काहीतरी सापडल्यासारखा, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं.

"आता एक सांग," तू म्हणालीस. "पोट्टी काहून भ्याली?"

"जा इथून."

"तुह्यं तोंड बदललं म्हनून भ्याली. जिनं तुह्यं तोंड कधी पाह्यलंच नाई, तिले ते बदललेलं कसं कयलं? सांग न. तिले तुह्यं तोंड पाठ हाय, बाई. पाठ हाय म्हनून..."

तू मला बाई म्हणालीस. मोठी असून मला बाई म्हणालीस, इतकी तू खुशीत होतीस. आणि मी तुला पुढं बोलू दिलं नाही. मी काय बोलले ते तुलाही माहीत आहे, मलाही. पण आज कागदावर लिहिते, कारण न लिहिता सुटका नाही. मी म्हटलं, तुले लेकरू झालं नाई म्हनून तू माह्यं हिसकून घेतलं. तिच्यावर तू कायतरी केलं. तुह्याकडे पाह्यते अन् आईले भेते, असं कोनतं लेकरू असते.

तू उभी होतीस. टोपलं कमरेवर होतं. तू ते खाली ठेवलंस, माझ्या टोपल्यातली दोन किडकी वांगी काढून बाजूला टाकलीस आणि गेलीस. त्या वेळेस तू मला उत्तर द्यायला वेळ दिलास, बाई. सगळं आयुष्य दिलंस. मी ते उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू पदर तोंडावरून घ्यायला लागलीस. नाकाखालून, हनुवटी झाकून, एक टोक दातात धरून. मला वाटलं, राग. वाटलं, मला तोंड दाखवायचं नाही म्हणून. मीही म्हटलं, बरं, ठेव झाकून. सुमी काही दिवस तुझ्या पदराशी ओढाताण करायची, मग तिनं ते सोडलं आणि तुझ्या हातांकडे बघायला लागली. माझ्याकडे तेव्हाही नाही. माझी हनुवटी बरी झाली, तीन ठिपके छान निळे उठले, अगदी तुझ्यासारखे. तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं गाव मात्र बघायचं आणि विचारायचं.

पण एक गोष्ट तू सोडली नाहीस, आणि तिचा मला सगळ्यात जास्त राग होता. बाजाराच्या आदल्या दुपारी आपण विहिरीजवळ शेवग्याखाली मेथीच्या जुड्या बांधायचो. तू पलीकडे, सुमी मधे, मी अलीकडे. तिघींचं तोंड एकाच बाजूला, वाफ्यांकडे. समोरासमोर बसू नको, हे तूच ठरवलं होतंस. "तिच्या समोर बसली का तिले वाटते आपल्याले कोन्तरी इचारून राह्यलं. बाजूले बस. काम कर." सुमी चार वर्षांची असल्यापासून जुड्या बांधते. मुळं एका रेषेत, केळीचं भिजवलेलं सोपट दोन वेढे, गाठ. तिच्या जुड्या माझ्यापेक्षा चांगल्या.

मी बडबड करायची, मला सवयच आहे. बाजारात कोण भेटलं, कुणाची भाजी जळली, आपली सासू कशी होती. आणि मधेच तू पदराच्या आतून, हातातल्या मेथीवरून डोळे न काढता, हळू म्हणायचीस, "मान फिरवू नको. पाहून राह्यली."

मी फिरवायची. दरवेळी. कशी नाही फिरवणार? माझं लेकरू माझ्याकडे बघतंय, असं कुणी सांगितलं तर कोणती आई मान न फिरवता बसेल? मी वळायची आणि सुमी मेथीकडे बघत असायची, किंवा वाफ्याकडे, किंवा माशीकडे. दरवेळी.

"खोटं बोलते तू."

"तू वयली अन् ते पयाली."

"कुठं पाहत होती, सांग. डोयात?"

"डोयात नाई. तू बडबडते न, तवा ओठाकडे पाह्यते. मंग कानातल्याकडे. मंग भुवईकडे. डोयापाशी आली का मागं फिरते, इस्तवाजवळ हात नेल्यावानी. मंग पुन्हा ओठाकडे."

"अन् तुले हे कसं दिसते? तुह्याकडून नाई पयत?"

"मी डोयाच्या कोपऱ्यातून पाह्यते. तिच्यापासूनच शिकली."

मी म्हटलं, खोटारडी आहेस तू, माझं मन राखायला बोलतेस. तुला ते लागायला हवं होतं, पण तू पुढची जुडी घ्यायचीस. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच. मान फिरवू नको. आणि मी फिरवायची. मी बघितलं तर ती बघत नाही, आणि मी नाही बघितलं तर मला कळणार कसं? हा असला हिशेब देवानं माझ्याच वाट्याला का घातला, मला समजत नव्हतं. माझ्यापाशी फक्त तुझा शब्द होता, आणि ज्या बाईला मी चोर म्हटलं होतं तिच्या शब्दावर मी विसंबू कशी?

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी सांगितलं, ही वर बघत नाही, उत्तर देत नाही, इथं बसवून काय करू. सुमीचे बाबा मान खाली घालून परत आले. तू म्हणालीस, घरीच शिकवू, मास्तरीण हाय घरात. मी पाटी घेऊन बसले, बाजूला. समोर नाही. तुझं ऐकलं, पण तुला सांगितलं नाही की ऐकलं. सुमीला आता बाराखडी येते, बाई. तुला येत नव्हती, तिला येते. यावर तरी आपण दोघींनी मिळून हसायला हवं होतं.

मग तुला ताप आला. मोठ्या बाबांनी तुला अकोल्याला नेलं आणि आणलं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मला एक दुपार लिहायची आहे. तू बाजेवर होतीस, ओठ फुटलेले, पाणी प्यायला मान उचलवत नव्हती. मी ओल्या फडक्यानं तुझं तोंड पुसायला पदर बाजूला केला. एवढ्या वर्षांनी तुझे ठिपके बघितले. फिके पडले होते, हिरवट. तेवढ्यात दारात सुमीची पावलं वाजली. आणि तुझा हात, ज्याला पाण्याचा पेला धरवत नव्हता, तो वर आला आणि त्यानं पदर हनुवटीवर ओढला.

मी म्हटलं, "बाई, काहून झाकते?"

तू म्हणालीस, "पोट्टी इकडेच पाहीन न मंग."

एवढंच. मी फडकं हातात घेऊन बसले. राग नव्हता तो. एवढी वर्षं तू तोंड झाकून फिरलीस, उन्हात, घामात, विहिरीवर, कशासाठी, तर माझ्या लेकरानं तुझ्याकडे बघू नये, माझ्याकडे बघावं. तुला त्या लेकराच्या नजरेशिवाय दुसरं काय होतं ग? तेवढंच होतं, आणि तेही तू माझ्या एका शब्दावर झाकून टाकलंस. मी तोंड उघडलं. माझं चुकलं, असं तीन-चार शब्दांचं ते होतं. मी म्हटलं, "पानी पेतं का?" तू डोळे मिटलेस. मला वाटलं, उद्या बोलू.

पण दुसऱ्या दिवशी अंगणात बायका जमल्या होत्या. तू अहेव गेलीस, म्हणून त्यांनी तुझ्या कपाळभर कुंकू भरलं, चेहऱ्याला हळद चोळली, हिरवा चुडा भरला. म्हणाल्या, लेकराला आणू नका, भिईल, आणि तिला काय कळतं. तिला माणसाची ओळख आहे का. तेच शब्द, अकोल्याच्या डॉक्टरचे, आपल्या अंगणात. मी आत गेले आणि सुमीला हाताला धरून आणलं. ती किंचाळली तर काय करायचं, मला माहीत नव्हतं.

ती तुझ्या उशाशी बसली, आडवी, तुझ्याकडे खांदा करून. मग अंगठा पुढे केला आणि तुझ्या हनुवटीवरची हळद घासायला लागली. एका बाईनं तिचं मनगट धरलं. सुमीच्या घशातून किंचाळण्याआधीची घरघर सुरू झाली. भासरे समोर उभे होते, गावची माणसं होती, आणि ज्या बाईनं पुरुषांसमोर कधी आवाज चढवला नाही ती मी ओरडले, "सोडा तिले." मनगट सुटलं. सुमी घासत राहिली. हळदीखालून एक ठिपका निघाला, मग दुसरा, मग तिसरा. तिनं एकेकावर बोट ठेवलं, एक, दोन, तीन. तू इतकी वर्षं झाकून ठेवलेले ठिपके कुठं आहेत ते तिला बरोबर माहीत होतं. मग ती उठली आणि शेवग्याखाली जाऊन बसली. माझा पदर डोक्यावरून खाली आला होता, तो मी कितीतरी वेळानं सावरला.

आता आजचं सांगते. सुतक आहे, आपण बाजारात जायचं नाही, पण शेजारचे भाजी नेतो म्हणाले, आणि मेथी कुणासाठी थांबत नाही. दुपारी मी आणि सुमी शेवग्याखाली बसलो. ती तिच्या जागी बसली आणि पलीकडे तुझ्याएवढी जागा मोकळी सोडली. थोड्या वेळानं बिडीचा वास आला. मोठे बाबा आले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. मी उठायला हवं होतं. पदर ओढला, मान खाली घातली, पण उठले नाही. उठले असते तर सुमीची ओळ मोडली असती.

मी जुड्या बांधत होते आणि तोंडानं तुझ्याशी भांडत होते. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. तू अर्धं टाकून गेली, आता मले कोन सांगन, कोन खोटं बोलन माह्याशी. असं काहीतरी. तेव्हा कठड्यावरून खोकल्याचा आवाज आला. मग माझे भासरे, ज्यांनी अकरा वर्षांत माझ्याशी एक शब्द थेट बोललेला नाही, म्हणाले,

"सुमीची माय. मान फिरवू नको."

माझा हात सोपटावर थांबला.

"पाहून राह्यली," ते म्हणाले. मग भिंतीला नाही, मलाच म्हणाले, "गोदा सांगून गेली. म्हने, मी नसली त तुमी सांगजा तिले."

मानेची शीर तुटेल असं वाटलं, बाई. डावीकडं, हातभर अंतरावर माझं लेकरू. नुसतं वळायचं होतं. मी गाठ मारली. दुसरी जुडी घेतली, मुळं एका रेषेत केली, दोन वेढे दिले. डोळ्यांतून पाणी हनुवटीवर आलं, त्या तीन ठिपक्यांवरून खाली मेथीत पडलं, पुसलं नाही. मग मी माझ्या भासऱ्याशी पहिल्यांदा बोलले.

"आता?"

"आताबी," ते म्हणाले.

मले आठवलं तू सांगितलेलं, मी बडबडते तवा ते ओठाकडे पाह्यते. थांबली त फिरन. म्हनून मी नाई थांबली, बाई. तुले सांगायचं राह्यलं होतं ते सांगितलं, माह्यं चुकलं म्हनून सांगितलं, सुमीले बाराखडी येते म्हनून सांगितलं. मान नाई फिरवली. मेथी सरेपर्यंत तुह्याशीच बोलत राह्यली.